पोती

पौषात काँक्रीट घालू नये,
हे मला कुणी सांगायला नको होतं.
थाटीपूरच्या आमच्या गल्लीत तरीही सगळ्यांनी सांगितलं:
होळीपर्यंत थांबा, बाई.
पण ह्यांची चाकाची खुर्ची
फाटकापासून पोर्चपर्यंतच्या मुरुमात रुतायची,
आणि तिला होळी कळत नव्हती.

एकतीस वर्षं बांधकाम खात्याच्या प्रयोगशाळेत
मी क्यूब फोडले.
कशावर किती दाब आला की ते मोडतं,
त्याची वही माझ्या अक्षरात आहे.

मुरूम दोनदा ठोकून घेतला.
धुकं वर जाईतो अकरा वाजले,
तोवर भगीरथ कुशवाह तीन बिड्या ओढून
मिक्सरपाशी उभा.
"बाईजी, ज़रा-सा पानी और? मसाला चलेगा नहीं."
म्हटलं, चालायला नकोच आहे तो,
बसायला हवाय.
जास्तीचं पाणी आज हात हलका करतं,
मग उडून जातं
आणि गेल्या वाटा तशाच उघड्या ठेवतं.
त्याने मान हलवली. बादली मात्र
पायाजवळच ठेवली, दुपारपर्यंत.

भिंतीलगत डांबरी पट्टी उभी केली,
घर आणि रस्ता एकमेकांना ढकलू नयेत म्हणून.
उतार रस्त्याकडे. पाणी कुठे साचायला नको.
उन्हं कलायच्या आत आठ-आठ फुटांवर सांधे ओढले,
चार इंचांच्या थरात इंचभर खोल.
भगीरथची बायको घमेलं टेकवून बघत राहिली:
नवी कोरी फरशी, आणि बाई स्वतःच्या हाताने चिरतेय!
तिला म्हटलं, ती चिरणारच गं.
कुठे, ते आधी सांगून ठेवतेय.

रात्री पारा दोनवर येणार होता.
प्लास्टिक घातलं, त्यावर मुरारच्या तबेल्यातला पेंढा,
वर गोणपाटाची पोती. बावीस.
मोजली, कारण सवय आहे.

सकाळी वीस.
तिसऱ्या चौकोनाचा कोपरा उघडा पडलेला,
पेंढा विस्कटलेला,
प्लास्टिकवर मीठ सांडावं तसा पाला.
कुंपणापलीकडे, अर्धवट बांधलेल्या घराचा चौकीदार जगराम
भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेला.
रागात माझी हिंदी नेहमी मागे राहते.
"मेरी दो पोती कहाँ हैं?"
तो दचकून उठला.
"पोती तो डबरा में है, बाई.
अपनी माँ के पास. और दो नहीं, एकै है."
बोलता बोलता त्याने अंगावरचं गोणपाट
गळ्यापर्यंत ओढलं,
आणि मग दोघांनाही एकदमच कळलं.

फरशीला पांघरूण आणि माणसाला नाही, हे तो म्हणाला नाही.
भगीरथ म्हणाला, थापी धुता धुता,
माझ्याकडे न बघता.

त्या रात्री जगरामला ह्यांची जुनी रजई दिली.
दया नव्हती ती फारशी.
मला सात दिवस पोती हवी होती,
थंडी म्हणून दहा केले.
रोज दुपारी कोमट पाणी शिंपताना
नातीचं नाव विचारायचं राहून गेलं.
नंतर कळलं, रामरती. चौथीत होती.

भेग मार्चमध्ये दिसली.
तिसऱ्याच चौकोनात, कोपऱ्यातून तिरकी,
मी दिलेला एकही पत्ता न विचारता.
केसाएवढी. मी वहीत टिपली, बुजवली नाही.
मेमध्ये काँक्रीट फुगतं, ती मिटते;
जानेवारीत आकसतं, ती पुन्हा उघडते.

ह्यांना बोलता येत नाही आता,
पण खुर्ची ढकलताना डाव्या हाताची बोटं
हातावर वाजतात, प्रत्येक सांध्याला एक.
पाच चौकोन, चार सांधे.
उन्हाळ्यात चारच वाजतात.
थंडीत तिसऱ्या चौकोनात खुर्ची जरा अडते,
मान वळते माझ्याकडे,
आणि पाचवं बोट उचलून
ते थांबतात,
बरोबर म्हणू की नको म्हणून.
बरोबर, मी म्हणते.