पावशेर पोकळी

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागल्या खोलीत माझं टेबल.
ड्रॉइंग येतात इंचांत,
माणसं येतात बसने, मच्छे-पिरनवाडीहून,
लोखंड येतं टनांत.
या सगळ्यांचा मेळ घालायचा
म्हणून मला पगार.

परवाचं हाऊसिंग तीनशे पन्नास घनइंच.
गुणिले सोळा पूर्णांक तीनशे सत्त्याऐंशी सहस्रांश:
पाच हजार सातशे पस्तीस घनसेंटिमीटर.
बिडाची घनता सात पूर्णांक दोन.
एक्केचाळीस किलो तीनशे.
मी खाली दोन रेघा मारल्या, नेहमीसारख्या.

काट्यावर भरलं एकोणचाळीस सहाशे.

"तूक कडिमे," बसवण्णेप्पा म्हणाला
आणि काट्याला बुटाने ढोसलं.
काट्याने मत बदललं नाही.
कुडचीकर साहेब दारातूनच म्हणाले,
पाच टक्के सूट असते, हे चारच कमी आहे,
चढवा ट्रकवर.

चढवलंही असतं.
पण अंग लहान असून वजन कमी, ही एक गोष्ट.
अंग पुरं आणि वजन कमी, ही दुसरी.

दस्तगीरने ड्रम काठोकाठ भरला,
साखळीने हाऊसिंग हळू आत सोडलं,
म्हशीला तळ्यात उतरवावं तसं.
सांडलेलं पाणी खालच्या परातीत.
आता मोजायला माप?
लिटरचं भांडं कँटीनवाल्याने नेलेलं.
माझ्या पिशवीत आईचा पितळी शेर होता,
कड सरळ करून घ्यायला आणलेला.

आधी शेरच मोजला, छोट्या काट्यावर, पाण्याने:
नऊशे चाळीस ग्रॅम.
पाण्याचं बरं असतं.
जितके ग्रॅम तितकेच घनसेंटिमीटर,
बेळगावात तेच, धारवाडात तेच,
दुभाषा लागत नाही.

परातीतून निघाले सहा शेर आणि तळाला घोटभर.
म्हणजे अंग पुरं.
म्हणजे आत काहीतरी नाही.

एक किलो सातशे भागिले सात पूर्णांक दोन,
दोनशे छत्तीस घनसेंटिमीटर नाही.
भागिले नऊशे चाळीस.
मी पेन खाली ठेवलं.
बरोबर पावशेर.

"टोळ्ळु," बसवण्णेप्पा म्हणाला.
पोकळ, मी म्हटलं.
दोघांनी एकाच भोकाकडे बोट दाखवलं,
जे अजून कुणाला दिसत नव्हतं.

अकराव्या घणाला ते फुटलं.
आतली गुहा खडीसाखरेसारखी चमकत होती,
फार सुंदर, खरं सांगायचं तर.
कुडचीकर साहेबांनी वाकून पाहिलं,
चष्मा पुसला, परत पाहिलं,
आणि भट्टीवाल्याला म्हणाले, घे रे परत.

रात्री आईने शेर हुंगला.
"काय मोजलीस गे ह्यात?"
लोखंड नव्हतं तेवढी जागा.
ती हसली नाही.
खानापूरच्या बाजारात चाळीस वर्षं
तिने याच शेराने तांदूळ दिले, चुरमुरेही दिले.
माप तेच, पिशवी उचलणारा हात वेगळा वाकायचा,
हे तिला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं.

"दुसऱ्याच्या मापात मी आधी हात घालायची," ती म्हणाली,
"बूड आतून वर ठोकलंय काय, बघायला.
वरनं सगळी मापं सारखीच दिसतात."

मग राखेने शेर घासला,
उद्याचे तांदूळ भरले,
बोटाने कड सपाट केली
आणि वर एक चिमूट टाकली.
गिऱ्हाईक नव्हतं. आम्ही दोघीच होतो.

ती चिमूट कशात धरायची, मी विचारलं.
"धरायची न्हवं," म्हणाली, "टाकायची."