वरची खोली

भाडेकराराचा छापील कागद अकरा महिन्यांचा.
वकिलाने ते खोडून वर आठ आठवडे लिहिलं.
ओर्नेल्ला आणि रेन्झो, राहणार त्रिएस्ते.
सोबत मल्लिनाथ, वय दहा,
आणि आडनावापाशी पेन थोडं थांबलं.

एप्रिल सरत होता. साखर पेठेत पत्र्याखाली
माणूस भाजून निघतो, आणि खाली आमचे चार माग,
टॉवेलचे, सकाळी आठपासून.
आवाज होईल, मी म्हटलं.
तिने मान हलवली. म्हणजे चालेल,
की ऐकूच आलं नाही, मला आजही ठाऊक नाही.

पोराला अठ्ठावीस गाद्यांच्या हॉलची सवय.
सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की
त्या रात्री जिन्यात येऊन बसायचा.

त्यांना तो हाक मारत नसे.
ओ, म्हणायचा. नाहीतर भांडं वाजवायचा.
ती पहिला शब्द शिकली, नको.
दुसरा, पुरे.
दोन्ही त्याच्याच तोंडचे.

उशीखाली तो कडक भाकरी लपवायचा,
कागदात शेंगाची चटणी.
मी झाडायला गेले तर तिने माझा हात धरला.
दुसऱ्या दिवशी नव्या पेठेतून झाकणाचा डबा आणला,
मुंग्या लागू नयेत म्हणून,
उशीखाली मावेना तेव्हा उशीशेजारी ठेवला.

रेन्झो कचेरीतून रिकाम्या हाताने परत यायचा.
साहेब दौऱ्यावर. सही राहिली. सोमवारी या.
मग टॉवेलच्या घड्या घालायला बसायचा, वाकड्या.
रात्री मी त्या पुन्हा घालायची.

एकदा कांड्या भरताना पोरगं शेजारी टेकलं.
"तिथं माग हायत का?"
मला काय ठाऊक.
"तू घरात तेलुगू बोलतीस. मराठी कधी आली तुला?"
चौदाव्या वर्षी सिरसिल्ल्याहून लग्न होऊन आले,
तीन वर्षं नळावर नुसती हसत उभी राहिले.
"भांडता आलं ना," म्हटलं, "त्या दिवशी आली."
तो हसला नाही.
कांडी उचलून उगाच उलटीसुलटी बघत बसला.

मेच्या शेवटी, भर दुपारी वीज गेली,
माग थांबले, आणि वरून आवाज आला.
चपलेवरून. ती नवी घाल म्हणत होती,
त्याला संस्थेतलीच हवी, अंगठा तुटलेली.
"घालणार नाय! काय करालीस ते कर!
तू कोण मला सांगणारी!"
आणि तीही, इतके दिवस मऊ मऊ बोलणारी,
तिच्या भाषेत सुटली,
एका दमात, अख्खा जिना भरेल एवढं.
दार आपटलं. उघडलं. पुन्हा आपटलं.
रेन्झो घाबरून खाली आला.
मी त्याला तांब्याभर पाणी दिलं.
बस म्हटलं. वर जाऊ नको.

वीज आली, पुढचं मागांनी खाल्लं.
संध्याकाळी तो जुन्याच चपलेत उतरला,
ती मागोमाग, नाक लाल.
बर्फाचा गोळा खायला गेले,
दोघं दोन टोकांना, मधे रेन्झो.

पासपोर्ट जूनमध्ये आला.
मी चार टॉवेल बांधले, चटणी,
भाकऱ्यांची चळत वर्तमानपत्रात.
स्टेशनवर रडायची तयारी करून गेले होते,
घडीचा रुमाल घेऊन.
पण डब्यात चढताना बॅग कुणी उचलायची
यावरून दोघांची जुंपली,
अर्धी मराठी, अर्धी तिची.
"अगं, सोड की!" तो ओरडला.
अगं, म्हणाला.
तिने सोडली नाही.

मागे बघायचं दोघांचंही राहून गेलं.
शेवटचा डबा फलाटाबाहेर पडल्यावर मला आठवलं,
अनामतीचे दोन हजार
माझ्याच कनवटीला होते.