बावीस

ऑगस्टच्या शेवटी व्हर्ला स्टॉट्स दुकानात आली,
काचेवर दोन्ही पंजे ठेवून म्हणाली, "आधी हे बघ."
आल्याच्या गड्ड्यासारखे सांधे,
करंगळी तर दुसऱ्याच कुणाची असावी तशी वळलेली.
"या हातांना झेपेल असं काय आहे तुझ्याकडे?"

नेब्रास्कातल्या या वाळूच्या टेकड्यांत
शेजार म्हणजे अकरा मैल.
शेरीफची गाडी लगेच निघाली तरी चाळीस मिनिटं,
बर्फ असला तर देवाची मर्जी.
ड्वेनला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.
त्याचं अडतीसचं रिव्हॉल्व्हर तिनं पिशवीतून काढलं,
बटाट्यांच्या खालून.
"याचा चाप दोन बोटांनी ओढला तरी हलत नाही,
आणि हललाच तर मनगट दोन दिवस बोलतं."

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं.
काचेच्या या बाजूला उभं राहिलं की जीभ आपोआप तिकडे वळते:
बावीस म्हणजे खारी मारायचं हत्यार,
त्यानं माणूस थांबत नाही, चिडतो,
काडतूसही एखादं फुसकं निघतं, नेमकं नको तेव्हा,
निदान बत्तीस तरी घ्या.
स्टोव्हजवळ कॉफी पीत बसलेला ऑरिन पिकार्ड म्हणाला,
"माझ्या बहिणीला मी पंचेचाळीसच दिलं असतं."
व्हर्ला वळलीसुद्धा नाही.
"तुझ्या बहिणीला ओळखते मी, ऑरिन.
तिला लोणच्याची बरणी उघडत नाही."

मग खालच्या कप्प्यातून नऊ गोळ्यांचं बावीस निघालं.
त्याचाही चाप जड,
पण घोडा अंगठ्यानं आधी मागे घेतला
की उरलेलं काम लोण्यातून सुरी.
तिला अंगठा पुरेना. तळव्याच्या कडेनं घेतला.
दुकानामागच्या वाळूच्या बांधावर
सात पावलांवर कॉफीचा रिकामा डबा,
आणि बार असा, जणू कुणी वाळकी काडी मोडतंय.
नऊपैकी सहा.
ऑरिन त्या दिवशी बाहेर आलाच नाही.

पैसे मोजताना ती म्हणाली,
"जे हातात धरता येत नाही ते कितीही मोठं असो,
ते कपाटाचंच रक्षण करतं."
हे वाक्य मी पुढे तीन गिऱ्हाइकांना ऐकवलं, स्वतःचं म्हणून.

नोव्हेंबरात ती परत आली. काही घ्यायला नाही.
टोपीवर बर्फ तसाच,
ट्रकचा डावा दिवा फुटलेला.
"हरिणी होती," म्हणाली.
"कमरेखालचं सगळं संपलेलं,
आणि पुढचे दोन पाय अजून पळतच होते.
पुढे मागे एक गाडी नाही."

एवढं सांगून ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.
ऑरिननं स्टोव्हमध्ये लाकूड सारलं, उगाच.

"पहिल्यानं झालं नाही.
घोडा मागे घ्यायला मला किती वेळ लागतो, तुला माहीत आहे.
तेवढा सगळा वेळ ती माझ्याकडे बघत होती.
मग कानामागे."

मी म्हणणार होतो, म्हणूनच बत्तीस सांगत होतो.
तोंडात आलं होतं अगदी.
त्याआधी तिनं विचारलं,
"तू मारलंयस कधी काही? इतक्या जवळून?"

मी डबे मारलेत. कागदावरची काळी माणसं मारलीत,
छातीवर गोल काढलेली.
सतरा वर्षं झाली विकतोय.

"परत घेऊ का ते?" मी विचारलं.
"कशाला? अकरा मैल अजून अकराच आहेत."
उशाशी असतं, म्हणाली, पावाच्या फडक्यात गुंडाळलेलं.
आधी नुसतंच असायचं.

ऑरिननं उठून तिला कॉफी ओतली,
साखर न विचारता दोन चमचे.
कप उचलायला तिला दोन्ही हात लागले.