दर दीड तासाला

बाहेर शेहेचाळीस, इनक्युबेटरात साडेसदतीस.
मे महिन्यात आमच्या लॅबमध्ये अंडी उबवायची नसतात,
निववायची असतात.
सकाळीच कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या,
वाळ्याचा वास अमरावती रोडपर्यंत गेला असेल.

गिट्टीखदानहून आलेलं अंडं. कवचाला खिडकी कापली,
खालून थेंबभर काळी शाई सोडली
आणि शाईवर ते उमटलं: दुसऱ्या दिवसाचं पिल्लू,
अजून पिल्लूही नाही, एक पांढरी शिवण.
दर दीड तासाला तिच्यात गाठींची एक जोडी बसते.
त्याच गाठींचे पुढे मणके, बरगड्या.

गाठ कुठे मारायची त्यात साखरेचाही हात असतो.
चहातली नव्हे. ही कुणी चाखत नाही.
पेशीच्या काठावर एक प्रथिन उभं, अर्धं आत, अर्धं बाहेर;
त्याला फ्यूकोजचा एक खडा चिकटतो,
त्यावर दुसऱ्या साखरेचा एक.
हा दुसरा लावणारं जे विकर, त्याचं नाव झालर.
कोष्ट्याच्या घरातली मी, वाचून हसले होते.
आमच्याकडे झालर शेवटी लागते, लुगडं विणून झाल्यावर.
इथे वेळेवर लागली नाही
तर लुगडंच आखूड.

गुणवंताचा शर्ट शिवताना मोमिनपुऱ्यातला शिंपी
मानेपासून कमरेपर्यंतचं माप दोनदा घेतो
आणि दोन्ही वेळा काही बोलत नाही.

आईकडे पंचवीस वर्षं एकच कारण.
ग्रहण होतं, तिनं विळीवर वांगं चिरलं.
आत्यानं पाहिलं.
आत्या गेली, वांगं गेलं नाही.

रिपोर्ट आला तेव्हा तिला खाटेवर बसवून सांगितलं:
दोन प्रती असतात, एक तुझी, एक बाबांची,
दोन्हींत तेच अक्षर चुकलेलं,
तो दुसरा खडा लागलाच नाही.
विळी यात कुठेच नाही, आई.

ती बराच वेळ पदराचं टोक उलगडत राहिली.
"मंग साखर कमी पडली का वं?
मी त तवा चहात तीन-तीन चमचे घेत होती."
आणि थोड्या वेळानं, हळूच,
"तुह्या बाबाचंबी होतं म्हणते?"

त्या रात्री आमच्याकडे भरली वांगी झाली.
गुणवंतानं ताटात बाजूला सारली,
बिया लागतात म्हणाला.

टायमर वाजला. एकोणिसावी जोडी.
खिडकीवर टेप लावते,
वीज आहे तोवर.