पाचवा आकडा

हॅडली पोलाद कंपनीच्या पगारखात्यात
एकतीस वर्षं मी बेरजा केल्या.
खिडकीतून मोनोंगाहेला दिसायची, तिच्यावर कोळशाचे पडाव,
आणि काचेवर रोजची नवी काजळी.
पुसायला गेलं की हेडक्लार्क क्रमली म्हणायचे,
राहू द्या पोरींनो, तोच आपला पगार आहे.

सगळ्यात जुनी वही चामडी पाठीची.
पहिल्या पानावर एक भट्टी, एक खेचर, अकरा माणसं.
खेचराचं नाव लिहिलंय : हॅना.
माणसांपैकी चौघांना नाव नाही,
नुसतं ‘हंगेरियन’, एकाखाली एक, चारदा.
त्यातला कुठला तरी माझा आजोबा,
जो हंगेरियन नव्हताच.

तेव्हा पिंपांचे पट्टे व्हायचे.
मग रूळ.
जिथे रूळ संपतात तिथून पुढे रूळच लागतात,
अशी ती भूक.
मग पुलांच्या कमानी, शिकागोच्या तुळया,
मग लढाई आली नि रणगाड्यांचे पत्रे,
मग शांतता, मोटारी, धुलाईयंत्रं, सूपचे डबे.
लढाई असो की सूप,
वहीतले रकाने तेच.

पत्राच्या डोक्यावर कारखान्याचं चित्र असे.
चित्रात धुराडी सहा, आवारात चार.
चित्रकाराला म्हणे साहेबांनी सांगितलेलं,
थोडं पुढचं काढ.
दोन वर्षांनी आवारात सहा झाली
तेव्हा चित्रात नऊ होती.

वडिलांच्या वेळी नावं जाऊन बिल्ले आले.
पितळी, वर भोक. वडील सहाशे बारा.
आई चिडली की म्हणायची,
सहाशे बारा, आधी हात धुवा.
लोखंडाचे चणे खाणं म्हणतात ना,
आमच्या गल्लीत ते रोजचं जेवण होतं,
वर कोबी, आणि रविवारी डुकराचं मटण.

मंगळवारी वडील गेले.
ओतपात्राची साखळी तुटली, एवढंच सांगितलं.
शुक्रवारी सहाशे बारा कामावर हजर.

मीच ती नोंद केली.
अलाबामाहून आलेला आयझाया पेटवे
पहिल्या पगाराला खिडकीशी थबकला,
बिल्ल्याची कड अंगठ्याने चाचपत म्हणाला,
ही कुणी झिजवली?
मी सांगितलं.
तेव्हापासून पाकीट घेताना तो टोपी काढायचा,
माझ्यासाठी नव्हे, हे मला कळत होतं.

त्रेपन्न साली यंत्र अडलं.
हजेरीच्या घड्याळात आकड्यांना चारच घरं.
ज्यांनी ते घडवलं त्यांना वाटलंच नव्हतं
की एका फाटकातून इतकी माणसं आत जातील.
रात्रभर कानस चालली, पाचवं घर कोरलं,
आणि सकाळी दहा हजारावा माणूस आला :
तेओफिल स्क्वारा, वय एकोणीस, कान मोठे.
बँड वाजला. केक कापला.
साहेबांनी हात मिळवला, फोटो निघाला.

नऊ दिवस टिकला तो.
दहाव्या दिवशी टोलीडोला, मेहुणीच्या बेकरीत.
म्हणे, आच सोसायचीच तर पावाची सोसीन.

फोटो मात्र फाटकावर चोवीस वर्षं हसत राहिला.
तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही असा हुकूम निघाला.
म्हणून आमच्या वहीत एक माणूस असा होता
जो कधी उशिरा आला नाही,
संपावर गेला नाही,
भाजला नाही.
क्रमली त्याला आदर्श कामगार म्हणत,
आणि एकटेच हसत.

नंतरचं फारसं माझ्या वहीत नाही.
फाटक बंद झालं तेव्हा मी घरी बसले होते.
पेटवेच्या नातवाने बिल्ला आणून दिला,
मी तो स्वयंपाकघराच्या पडद्याच्या दोरीला बांधला,
वजनाला बरा.
काच आता स्वच्छ असते.
तरी सकाळी बोटाने एक रेघ ओढून बघते.

कंपनी अजून वाढतेच आहे.
चौदा शेअर आहेत माझे, दरवर्षी अहवाल येतो,
गुळगुळीत, जाड.
ब्राझीलमधली खाण, कुठलंसं बंदर,
आणि मुखपृष्ठावर धुराडं एकही नाही,
फक्त एक बाण, वर जाणारा.

थोडं पुढचं काढलं असेल.