सपाट चमचा

पावासाठी सपाट चमचा. बार्टलीसाठी शिगोशीग.
हा हिशेब मी कुठे लिहून ठेवला नव्हता,
हाताला ठाऊक होता.
डबा बिस्किटांचा, झाकणावरच्या बोटीचं शीड खरवडून गेलेलं,
आत खायचा सोडा.
सासूनं लग्नात दिलेल्या तीन वस्तूंपैकी
हा डबाच तेवढा अजून कामाचा.

कॉनेमाराच्या या टोकापासून दवाखाना पंधरा मैल,
तोही वारा जाऊ देईल तर.
मधमाशी डसली, सोडा.
मोरी तुंबली, सोडा, वर व्हिनेगर.
कोलमनच्या बुटांना वास, सोडा.
आणि दर दुपारी ताकात भिजवलेल्या कणकेत,
पाव भट्टीत सारण्याआधी वर सुरीनं फुली,
आतल्या पऱ्यांना बाहेर पडायला वाट हवी म्हणून.
मी पऱ्या मानत नाही.
फुली मात्र कधी चुकवली नाही.

त्याची जळजळ हॅलोवीननंतरची.
खेकड्यांचे सापळे ओढून यायचा, बुटांसकट बसायचा,
छातीच्या मधोमध मूठ ठेवून म्हणायचा, गॅस.
मी पेल्यात चमचा ढवळायची,
पाणी फसफसायचं, तो एका दमात प्यायचा,
मग ढेकर. करपट, लांबलचक,
कुत्रा उठून बसेल असा.
त्या ढेकरावर आम्ही दोघं काय खूश!
आत काहीतरी होतं आणि ते बाहेर आलं,
याहून मोठा पुरावा कुणाला हवा?
साक्षीदार खोटा असू शकतो,
पण इतका हसतमुख साक्षीदार?

एकाचे दोन चमचे झाले, दोनाचे तीन.
पावलं सुजली तर म्हणाला, बूट आकसलेत.
मी बुटांना चरबी चोळली.

मग एका रात्री ढेकर आलाच नाही.
मूठ छातीवरून जबड्याकडे सरकली,
कपाळावर घाम, नोव्हेंबरात.
मी चौथा चमचा ढवळत होते.

हे मी गॉलवेच्या डॉक्टरीणबाईंना सांगणार नव्हते.
त्यांनी विचारलंच.
पोरसवदा बाई, थंडीनं ओठ फुटलेले.
म्हणाल्या, हेही एक मीठच, मिसेस मुलकेरिन.
जिभेला वेगळं, हृदयाला तेच.
कधीमधी अर्धा चमचा, चांगल्या प्रकृतीच्या माणसाला, ठीक.
रोज रात्री, रक्तदाबाच्या गोळ्यांवर, या वयात, नाही.
आणि मग हळू आवाजात,
त्यांना जळजळ नव्हतीच.

मी तुम्हाला दोष देत नाही, असंही म्हणाल्या.
ज्याला दोष द्यायचाच नसतो
त्याला कुणी हे सांगत नाही.
मग त्याच्याकडे वळून, तेवढं आता सोडा.

नाताळाआधी तो घरी आला, रक्तवाहिनीत जाळी घेऊन.
आता खिडकीशी बसतो, अळणी मटणाला शिव्या देतो,
दुसऱ्यांच्या होड्या मोजतो.
एखाद्या रात्री लहान पोरासारखा मागतो,
एकच. ढेकरापुरता.
मी ऐकू न आल्यासारखी भांडी घासत राहते.
डबा समुद्रात भिरकावणार होते, किनाऱ्यापर्यंत गेलेही होते.
पण मग पाव?
वरच्या फळीवर ठेवला. पावाला आजही तोच चमचा,
फक्त आता वरून सुरी फिरवते, दोनदा.

जुलैत शेजारची सोर्का दारात, बोट धरून किंचाळत.
मधमाशी.
हात आपसूक फळीकडे गेला आणि तिथेच थांबला.
बार्टली खिडकीतून बघत होता, माझ्याकडे नव्हे, हाताकडे.
मी काटा काढला, चिमूटभर सोडा कालवला,
बोटाला लावला, फुंकर घातली.
रडं ओसरलं.

याच्यानं थांबलं का, बार्टलीनं विचारलं.
सोड्यानं, की फुंकरीनं,
की कुणीतरी उठून डबा खाली काढला म्हणून?
मला ठाऊक नाही, मी म्हणाले.
इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच माझ्या तोंडी.

पोरीला पाव हवा होता.
मी मोडला, फुलीवरून.