चार बोटं

खाणीपासून जेटीपर्यंत साडेतीन मैल रूळ,
रुंदी दोन फूट.
बाबांकडे त्या दोन फुटांची काठी होती,
शिवणीची, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या.
रोज उजाडताच ते वाकत वाकत जायचे सड्यावरून,
दर दहा पावलांवर काठी आडवी.
ठेव, बघ, उचल.
ठेव, बघ, उचल.
पगाराच्या वहीत हुद्दा: वासू कुबल, गेजवाला.

वैशाखातला सडा. जांभा तापलेला, झाड औषधाला नाही,
खाली समुद्र चकाकतोय आणि कळशीत पाणी तळाला.
निबंधात मी लिहिलं, ‘आमच्या गावात वाळवंट आहे.’
मास्तरांनी लाल शाईनं खोडलं:
कोकणात वाळवंट नसते.

ते होतं तिकडे कासमचाचा गेले.
डब्यांचा ब्रेक धरायचे आमच्या लाईनीवर,
उतारावर बीडी विझू द्यायचे नाहीत.
आठ महिन्यांनी पत्र आलं:
‘वासू, हंय पण आपल्यासारखीच बारकी लाईन असा.
रात्री वाळू येता नि रूळ गिळून टाकता.
सकाळी बारा माणसां केरसुणी घेवन उभी.
मी बारावो.’
पत्राच्या घडीत सुतळीचा तुकडा,
दोन गाठींचा.
एका रुळापासून दुसऱ्यापर्यंत
त्यांनी मोजून कापलेलं अंतर.

बाबा जेवत होते.
उष्टा हात तसाच, डाव्या हातानं काठी ओढली,
सुतळी तिच्यावर ताणून धरली.
मग पुन्हा धरली.
‘चार बोटां जास्त,’ म्हणाले,
‘म्हणजे आपलो डबो थंय चलाचो नाय.’
कुणी चालवणार होतं, देव जाणे!
पण पानातला भात तसाच राहिला.

उत्तर मी लिहिलं, ते सांगत गेले:
उन्हानं रूळ फाकतो का ते बघ,
दुपारी मोजलास की सकाळी ते कळव.
शेवटी आमच्याकडची सुतळी घातली.
तिकीट जास्त लागलं.

मग खाण बंद झाली.
रूळ वजनावर गेले, ट्रक तीन दिवस येत होते.
स्लीपर काजूच्या बागांना कुंपण झाले,
दोन आमच्या वहाळावर साकव.
काठीनं आई खिडकी अडवून ठेवायची,
मी परकराचा घेर मोजायची.

एकोणीस वर्षांनी कासमचाचा परतले,
थेट सड्यावर गेले.
जिथे लाईन होती तिथे उभे राहून
चपलेनं धूळ बाजूला करत राहिले,
डावीकडे, उजवीकडे,
खाली काही असल्यासारखी.
बाबांनी थांबवलं नाही.

घरी आल्यावर चहा व्हायच्या आत सुतळ्या निघाल्या.
त्यांची यांच्याकडे, यांची त्यांच्या पाकिटात,
घामानं काळी झालेली.
काठी जमिनीवर. दोघं गुडघ्यांवर.
‘चार,’ बाबांनी बोटं टेकवली.
कासमचाचांनी त्याच जागी आपली ठेवली,
केरसुणीनं जाड झालेली, नखं फुटलेली.
‘तीन,’ म्हणाले.
‘चार.’
‘अरे, तीन! बघ ना.’

दिवेलागण झाली तरी चालू होतं.
चहाचे कप उचलायला मी वाकले
तेव्हा दोघांनी एकदमच माझा हात धरला:
‘आता तू ठेव गो, तुझी बोटां ठेव.’